फाळणीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात? मग आधी हे वाचा: उल्हासनगर, पिंपरी, चेंबूर, गांधीनगरच्या घरांत मुलाखत कशी घ्यायची

बरेच जण आता घरातल्या, शेजारच्या, सोसायटीतल्या म्हाताऱ्या सिंधी-पंजाबी माणसांच्या फाळणीच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागलेत, आणि करायलाच पाहिजेत, कारण १९४७ ला जो दहा वर्षांचा होता त्याचा जन्म १९३७ चा, म्हणजे आज तो ऐंशीच्या बराच पुढे गेलेला आहे आणि आपल्याकडे वेळ कमी आहे. पण लोकांनी केलेली रेकॉर्डिंग ऐकली की त्याच त्या चुका दिसतात. वीस मिनिटांची क्लिप, त्यातली पाच मिनिटं नातवाचंच बोलणं, मागे पंखा आणि कुकर, पहिलाच प्रश्न "आजोबा, फाळणीत काय झालं सांगा ना", मग आजोबा दहा वाक्यांत तेच सांगतात जे ते पन्नास वर्षं प्रत्येक पाहुण्याला सांगत आलेत, आणि संपलं. फाईलचं नाव "ऑडिओ ००१". सहा महिन्यांनी ती कुणाची आणि कधीची ते कुणालाच सांगता येत नाही.

मुलाखतीच्या दिवशी जे बिघडतं ते बहुतेक वेळा आधीच्या आठवड्यात केलं नाही म्हणून बिघडतं, आणि मुलाखतीनंतर जे हरवतं ते त्याच रात्री केलं नाही म्हणून. म्हणून खाली मुलाखतीपेक्षा तिच्या आधीचं आणि नंतरचं जास्त लिहिलंय. उदाहरणं मुख्यतः सिंधमधून महाराष्ट्रात आलेल्या कुटुंबांची आहेत, कारण आपल्याकडे तेच जास्त. पण सायन कोळीवाड्याचे पंजाबी असोत, नाहीतर गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेऱ्याकडे वसवलेले पूर्व बंगालचे लोक असोत, पायऱ्यांचा क्रम हाच ठेवा.

१. कुणाशी बोलायचं ते आधी ठरवा

पहिली चूक इथेच होते. लोक थेट सिंधी पंचायतीच्या मुखींकडे, म्हणजे समाजाच्या प्रमुखांकडे जातात, किंवा शाळा-संस्था काढलेल्या एखाद्या मोठ्या नावाकडे. त्यांच्याशी बोला, पण त्यांची गोष्ट तयार असते, सत्कारात बऱ्याचदा सांगून झालेली असते. ज्या बाईने कॅम्पात तीस वर्षं पापड लाटले तिला कुणी विचारलेलंच नसतं, आणि नळावरच्या रांगेपासून कुणाच्या बाळंतपणाला कोण धावलं इथपर्यंत सगळं तिलाच ठाऊक असतं.

एक यादी करा. त्यात हे सगळे येतायत का बघा: बायका आणि पुरुष, शहरातले (कराची, हैदराबाद, सक्खर, शिकारपूर) आणि खेड्यातले, आमिल म्हणजे नोकरी-शिक्षणवाले आणि भाईबंद म्हणजे व्यापारी, ज्यांचं इथे चांगलं झालं ते आणि ज्यांचं झालं नाही ते, आणि हो, दलित कुटुंबं, ज्यांच्याकडे सहसा कुणी जातच नाही. मराठी कुटुंबंही विसरू नका. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराचीत मराठी शिक्षक, कारकून, नोकरदार चांगले स्थिरावलेले होते, तिथलं नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल हे नावच बघा. त्यातल्या बऱ्याच घरांनी परत आल्यावर "आम्ही काय, आपल्याच मुलखात आलो" म्हणून हा विषय कधी काढलाच नाही. आणि उलट दिशेने गेलेले, म्हणजे कोकणातल्या मुसलमान घरांचे कराचीत राहणारे नातेवाईक, त्यांचीही आठवण याच गोष्टीचा भाग आहे.

वयाचा हिशोब यादीतच लिहून ठेवा. १९४७ ला सहा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा यात फार फरक पडतो. सहा वर्षांच्या मुलाला बोटीचा वास, आईची रडारड, हरवलेलं खेळणं आठवेल, पण घर विकायचं की नाही यावर वडील आणि काका काय बोलले ते त्याला कळलेलं नसणार. त्यावर तो जे सांगेल ते नंतर ऐकलेलं. चालेल, तेही घ्यायचं, फक्त आपल्याला माहीत पाहिजे.

तपासा: यादीतली निम्मी माणसं तरी अशी आहेत का ज्यांची मुलाखत आजवर कुणी घेतलेली नाही? नसतील तर अजून दोन गल्ल्या फिरा.

२. घरी जायच्या आधीचा अभ्यास

यात सगळ्यात महत्त्वाचं हे, की सिंध म्हणजे पंजाब नाही. आपल्या डोक्यात फाळणी म्हटलं की प्रेतांनी भरलेली ट्रेन येते, कारण सिनेमात तेच बघितलंय. सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नाही. तिथे सुरुवातीचे काही महिने बरेच हिंदू थांबलेच होते, जमेल असं वाटत होतं. मग भारतातून निर्वासित मुसलमान कुटुंबं आली, घरांचा प्रश्न तापला, १७ डिसेंबर १९४७ ला सिंधमधल्या हैदराबादेत दंगल झाली, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत रतन तलावाजवळच्या गुरुद्वारात जमलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि मग शहरभर लुटालूट, आणि त्यानंतर लोक झुंडीने निघाले. बरेच जण कराचीहून बोटीने मुंबईला किंवा काठियावाडच्या बंदरांना, बाकीचे मीरपूर खास, खोखरापार, मुनाबाव करत रेल्वेने जोधपूरच्या बाजूला. म्हणजे या माणसाला तुम्ही "ट्रेनमध्ये मारामारी बघितली का" असं विचारलंत तर एक तर तो "नाही" म्हणेल आणि त्याला वाटेल आपली गोष्ट ऐकण्यासारखी नाही, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून कुठेतरी ऐकलेलं सांगेल. दोन्ही वाईट.

दुसरं, तारखांची एक चिठ्ठी करा. म्हाताऱ्या माणसांना तारीख आठवत नाही, सण आठवतो, "दिवाळी तिकडेच केली" किंवा "गांधीजी गेले तेव्हा आम्ही बोटीत होतो". तुमच्या चिठ्ठीवर हे असू दे: १५ ऑगस्ट १९४७, त्याच महिन्यात १८ तारखेला ईद, १२ नोव्हेंबरला दिवाळी, वर सांगितलेल्या हैदराबाद-कराचीच्या दोन तारखा, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून, जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तान आणि भारतात ये-जा करायला परमिट लागायला लागलं ते, ११ सप्टेंबर १९४८ ला जिनांचा मृत्यू, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरचा पाया. एवढ्यावर बऱ्याच आठवणी महिन्या-दोन महिन्यांच्या आत बसवता येतात. ही चिठ्ठी तुमच्यासाठी आहे, समोरच्याची परीक्षा घ्यायला नाही.

तिसरं, गावांची जुनी नावं. लायलपूर आज फैसलाबाद आहे, माँटगोमेरी साहिवाल, कराचीतला बंदर रोड आता एम. ए. जिन्ना रोड, रामबाग आता आरामबाग. तुम्ही आजचं नाव घेऊन विचाराल तर समोरचा बावचळेल. एक जुना नकाशा छापून न्या, मोठ्या अक्षरात, ए-थ्री कागदावर. मोबाईलवर झूम करून दाखवलेला नकाशा ऐंशी-नव्वद वर्षांच्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि ते ज्या कॅम्पात आले त्याची माहिती. कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प, त्याचे पाच कॅम्प झाले आणि आजही उल्हासनगरला पत्ता कॅम्प नंबरनेच सांगतात. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आधी युद्धातले पोलिश निर्वासित राहत होते, त्याच बराकींत मग सिंधी आले आणि ते गांधीनगर झालं. चेंबूर, मुलुंड, पिंपरी, देवळाली, नागपूरची जरीपटका, प्रत्येकाची सुरुवात वेगळी आहे, तुम्ही जिथे जाणार तिथलं तेवढं तरी वाचून जा.

३. पहिली भेट: रेकॉर्डर बाहेर काढू नका

ही भेट लोक गाळतात आणि वेळ वाचवला असं समजतात. तसं करू नका. पहिल्या भेटीत फक्त चहा प्या, ओळख करून घ्या, तुम्ही कोण, हे कशासाठी करताय, ऐकणार कोण, ते सांगा. घरातल्या सुनेशी, मुलाशी बोला, कारण दिवसाचं वेळापत्रक त्यांना माहीत असतं: औषध कधी, झोप कधी, कानाचं मशीन नीट चालतं का, सकाळी बोलतात की संध्याकाळी. बहुतेकांना सकाळची दहा ते साडेअकरा ही वेळ बरी पडते.

भाषा कुठली हे याच भेटीत ठरवा. तुम्हाला सिंधी येत नसेल तर ते आपणहून हिंदीत बोलतील, मराठीतही बोलतील, पण ते पाहुण्यांशी बोलायचं बोलणं असतं. मनातलं सिंधीत येतं. त्यामुळे सिंधी येणारं कुणीतरी सोबत न्या, घरातलं शक्यतो नको, कारण घरातला माणूस भाषांतर करत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. "आजी म्हणतायत की खूप त्रास झाला." आजी तीन मिनिटं बोलल्या होत्या!

हाक कशी मारायची तेही घरच्यांकडून ऐकून घ्या. सिंधी घरात मोठ्या माणसाला दादा, मोठ्या बाईला दादी किंवा अम्मा म्हणतात, आपण काका-आजी म्हटलं तरी कुणाला वाईट वाटत नाही, पण अहो-जाहो सोडू नका. "निर्वासित" म्हटलेलं कित्येकांना लागतं, ते स्वतः जो शब्द वापरतात तोच वापरा.

इथे चूक होते: पहिल्याच भेटीत ते भरभरून बोलायला लागले तर मोह होतो. थांबवू नका, पण अवघड विषयात तुम्हीही शिरू नका. "हे मला नीट रेकॉर्ड करायचंय, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू" म्हणा आणि घरी जाऊन दोन ओळी लिहून ठेवा.

४. परवानगी

एका कागदावर सही घेतली म्हणजे झालं असं नाही. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: हे फक्त कुटुंबासाठी आहे का, एखाद्या संग्रहाला किंवा अभ्यासकांना द्यायचं का, आणि इंटरनेटवर सगळ्यांना ऐकू द्यायचं का. त्याशिवाय नाव द्यायचं की नाही, फोटो चालेल का. प्रत्येकाला वेगळं हो-नाही.

कागद त्यांना वाचता येईल अशा लिपीत हवा. जुन्या पिढीतले सिंधी लोक अरबी लिपीतलं सिंधी वाचतात, पंजाबी लोकांपैकी बरेच गुरुमुखी किंवा उर्दू. जमत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांचं "हो, चालेल" रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घ्या. नंतर मन बदललं तर काढून टाकता येईल हे स्पष्ट सांगा, आणि सांगितलंत तर पाळा.

सावध: जिवंत माणसांची नावं, पाकिस्तानातल्या नातेवाइकांचे पत्ते, तिथल्या मित्रांचे फोन नंबर, जमिनीचे चालू वाद, हे सगळं बोलण्याच्या ओघात येतं. सार्वजनिक कॉपीतून ते काढायचं. कराचीतल्या कुणाशी व्हिडिओ कॉलवर बोलत असाल तर दुप्पट काळजी घ्या, आपल्याला सहज वाटणारं वाक्य त्यांना तिथे अडचणीत आणू शकतं.

५. सामान आणि खोली

महाग सामान लागत नाही. चांगला मोबाईल, त्याला लावायचा कॉलर माईक, आणि दुसरा एखादा मोबाईल किंवा छोटा रेकॉर्डर बॅकअपला. दोन्ही एकाच वेळी चालू. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येतो आणि काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच तुटतं.

सेटिंगमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनोमध्ये तासाला साधारण अर्धा जीबी लागतो, म्हणजे निघण्याआधी फोनमध्ये निदान पाच जीबी रिकामी ठेवा. एमपीथ्री ऐकायला ठीक, पण मूळ प्रत म्हणून नको, कारण त्यात आवाजातली बारीक माहिती कायमची जाते, ती परत आणता येत नाही.

व्हिडिओ घ्यावा का? घरच्यांना हवा असेल तर घ्या, पण माझं मत विचाराल तर पहिली मुलाखत नुसत्या आवाजाचीच करा. कॅमेरा लागला की साडी बदलली जाते, सोफ्यावर बसवलं जातं, सगळं कुटुंब मागे गोळा होतं, आणि आजी भाषण करायला लागतात.

खोली छोटी, पडदे-गाद्या असलेली. बाहेरची खोली नको, तिथे बेल वाजते, रिक्षा येते, आणि उल्हासनगरला खालच्या दुकानातलं मशीन चालू असतं. पंखा ही खरी अडचण, मे महिन्यात बंद करून ऐंशी-नव्वदच्या माणसाला बसवणं बरोबर नाही, तेव्हा पंखा एकवर ठेवा आणि माईक छातीशी जवळ लावा. फ्रिजच्या भिंतीला टेकून बसू नका. कुकर लावायचा असेल तर आधी लावून घ्यायला सांगा.

तपासा: एक मिनिट रेकॉर्ड करा, हेडफोन लावून ऐका, मगच सुरू करा. नुसता काटा हलताना दिसला म्हणून समाधान मानू नका, माईक न लागता फोनचाच माईक चालू आहे असं फार वेळा होतं.

६. प्रश्नांचा क्रम

हा क्रम उलटा केलात की मुलाखत हातातून गेलीच म्हणून समजा.

सुरुवात तुमच्या आवाजात: आज तारीख काय, कुठे बसलोय, कोण बोलतंय, कुठल्या भाषेत. दहा सेकंद लागतात. ही ओळख फाईलच्या पोटात असली की नाव बदललं, फोल्डर हरवला, तरी चालतं.

पहिला टप्पा, तिथलं घर. फाळणी नाही, घर! "दारातून आत आलं की आधी काय लागायचं?" असं विचारा आणि गप्प बसा. हैदराबाद सिंधचं कुणी असेल तर छतावरच्या मंघाबद्दल विचारा, वारा घरात आणणारा तो उंच झरोका, एवढ्या एका प्रश्नावर पुढचा अर्धा तास उन्हाळ्याच्या रात्री, गच्चीवरचं झोपणं, शेजारी कोण हे सगळं येतं. मग शाळा, कुठल्या लिपीत शिकलात, बाजार, मासळीत पल्ला कधी यायचा, थदरीच्या सणाला घरात काय करायचे, शेजारचे मुसलमान मित्र, कुणाच्या लग्नात कोण जेवायला यायचं आणि कोण जेवायचं नाही. शेवटचं मुद्दाम विचारा, कारण "आम्ही भावासारखे राहायचो" हे वाक्य सगळेच म्हणतात आणि ते बहुतेकदा खरंही असतं, पण त्या भावासारखं राहण्यात स्वयंपाकघराचा उंबरा कुठे होता ते कळल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. या टप्प्याला निदान अर्धा तास द्या. लोक पाच मिनिटांत उरकतात.

दुसरा टप्पा, निघायचा निर्णय. "का निघालात" असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं. त्यापेक्षा: घरात ही गोष्ट पहिल्यांदा कुणी काढली? कोण नको म्हणत होतं? कोण मागे राहिलं? सोबत काय घेतलं, काय घ्यायचं राहिलं? त्या दिवशी सकाळी चूल पेटली होती का? कुलूप कुणी लावलं, किल्ली कुणाकडे दिली? किल्लीचा प्रश्न सिंधच्या लोकांना जरूर विचारा, कित्येक घरांनी परत यायचंच आहे म्हणून किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली होती.

तिसरा, प्रवास. कुठल्या बंदरातून किंवा स्टेशनातून, किती रात्री, झोपायला जागा कुठे, पाणी कुठून, सामान कुणी तपासलं, कोण आजारी पडलं. "भीती वाटली का?" असं विचारू नका, "वाटली" एवढंच येतं. "तुमचा हात कुणाच्या हातात होता?" विचारा.

चौथा, कॅम्प. आणि इथे मला सगळ्यांना हात जोडून सांगायचंय की इथे घाई करू नका. बहुतेक रेकॉर्डिंग बोटीतून उतरलं की संपतात, जणू पुढे काही झालंच नाही. उखडलं जाणं एका दिवसात होतं, पण त्याचं ओझं पुढची वीस वर्षं वाहिलेलं असतं. बराकीत तुमच्या बाजूला कोण होतं, मधे आडोसा कशाचा, पोत्याचा की चादरीचा? संडास किती लांब? रेशनला काय मिळायचं? घरात पहिले पैसे कुणी कमावले, काय विकून? लोकल गाडीत गोळ्या-बिस्किटं विकलीत का, किती वर्षांचे होतात? शाळा सुटली का? पहिल्यांदा मराठी कुठे कानावर पडलं? आजूबाजूच्या मराठी लोकांनी कसं वागवलं, चांगलं आणि वाईट दोन्ही? हा शेवटचा प्रश्न मराठी माणसाने विचारला की समोरचा गोड बोलतो, तेव्हा "आम्हाला वाईट वाटणार नाही, जसं होतं तसं सांगा" असं आधीच म्हणा, आणि खरंच वाईट वाटून घेऊ नका.

पाचवा, नंतरचं आयुष्य. क्लेम, म्हणजे तिकडे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई, मिळाला का, घर कधी झालं, मुलांशी कुठल्या भाषेत बोलता, परत कधी जावंसं वाटलं का.

एका बैठकीत दीड तासाच्या पुढे जाऊ नका, म्हणजे पहिल्या दिवशी बहुधा दुसऱ्या टप्प्यापर्यंतच पोचाल, तसंच होऊ द्या.

बोलताना पाळायच्या चार गोष्टी: "हं… हं… अच्छा" असं तोंडाने करू नका, मान हलवा, तुमचं हुंकारणं त्यांच्या आवाजावर चढतं. ते थांबले की मनात दहा आकडे मोजा, खरी गोष्ट बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला येते. चुकलेली तारीख दुरुस्त करू नका. आणि "पाहिलं की ऐकलं" हे गोष्ट संपल्यावर हळूच विचारा: "हे तुमच्या डोळ्यांसमोरचं, की नंतर घरात कानावर आलेलं?" मधेच विचारलंत तर त्यांना वाटतं तुमचा विश्वास नाही.

७. अवघड जागा

बायकांवर झालेले अत्याचार, पळवून नेलेल्या मुली, घरच्याच लोकांनी मारलेल्या मुली, मागे सोडून दिलेली म्हातारी माणसं. पंजाबच्या कुटुंबांत हे जास्त येईल. यावर स्वतःहून प्रश्न विचारायचा नाही. आलं तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, "मग काय झालं" म्हणायचं नाही. बाईशी बोलायला बाईच असावी आणि खोलीत मुलगा-सून नसावेत. हे घडवून आणायचं तर पहिल्या भेटीतच घरच्यांना सांगावं लागतं की आम्हाला दोघींनाच बसू द्या.

रडू आलं तर लगेच रेकॉर्डर बंद करायची घाई नको आणि चालू ठेवायचा हट्टही नको, विचारा: "थांबूया का?" त्यांनी सांगितलं तसं. पाणी द्या, वेळ द्या. मुलाखत अशा जागी कधीच संपवू नका. शेवटची पंधरा मिनिटं हलक्या विषयावर आणा, नातवंडं, स्वयंपाक, कोकी (सिंधी जाड पोळी) कशी लाटता. नाहीतर तुम्ही उठून निघून जाता आणि ते मात्र त्या रात्री जागे राहतात.

"हे काढून टाक हं" असं म्हणाले तर तेव्हाच वेळ लिहून घ्या, किती मिनिटाला. निघायच्या आधी परत विचारा की नक्की काय आणि कुठून कुठपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी एक फोन करा.

८. कागद आणि वस्तू

बोलणं झाल्यावर, आधी नाही. ट्रंक आधी उघडली की सगळं लक्ष तिकडे जातं. कॅम्पचं रेशनकार्ड, परमिट, क्लेमचे कागद, तिकडच्या शाळेचा दाखला, पत्रं, किल्ल्या, भांडी. प्रत्येक गोष्टीचा फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, दोन्ही बाजूंनी, शेजारी एक पट्टी ठेवून. आणि वस्तू त्यांच्या हातात असताना रेकॉर्डर परत चालू करा, "ही कुणाची, इथवर कशी आली?"

मूळ कागद घरी नेऊ नका, "दोन दिवसांत परत देतो" म्हणूनसुद्धा नको. लॅमिनेशन करून देतो असंही म्हणू नका, त्याने जुना कागद जपला जात नाही, कायमचा अडकतो.

व्यापारी घरातल्या जुन्या वह्या हटवाणिका लिपीत असतात, ती वाचणारे आता फार थोडे. वाचता आलं नाही तरी प्रत्येक पान क्रमाने फोटोत घ्या.

९. त्याच रात्री करायचं

उद्यावर टाकू नका.

फाईल दोन्ही फोनवरून कॉम्प्युटरवर घ्या. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर, तिन्ही एकाच बॅगेत असतील तर ती एकच प्रत आहे. व्हॉट्सॲपवरून पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून नाही.

फाईलचं नाव एका पद्धतीने: वर्ष, महिना, दिवस, ठिकाण, मुलाखत नंबर, भाग. २०२५-११-०९_पिंपरी_०३_भाग१ अशा धर्तीवर, फक्त टाईप रोमन अक्षरांत करा म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडताना गडबड होत नाही. नावात माणसाचं नाव नको, ते वेगळ्या तक्त्यात, जो फक्त तुमच्याकडे.

मग एक पान नोंद: खोलीत कोण होतं, कुठे आवाज बदलला, कशावर हसले, कुठला हातवारा केला, हे रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. "एवढं मोठं होतं" असं म्हणून त्यांनी हात किती पसरले होते ते दोन आठवड्यांनी तुम्हाला आठवणार नाही.

तपासा: प्रत घेतलेली फाईल सुरुवातीला, मधे आणि शेवटी ऐकून बघितलीत का? बघितल्याशिवाय फोनमधून डिलीट करू नका.

१०. उतरवून काढणं

एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास धरा, सिंधी-हिंदी-मराठी मिसळ असेल तर त्याहून जास्त. आपोआप लिहून देणारी ॲप्स आता बरी झालीत, पण अशा मिसळ भाषेत ती न कळलेल्या जागी स्वतःचं गुळगुळीत वाक्य बसवतात आणि वाचताना ते खरंच वाटतं. कच्चा मसुदा म्हणून वापरा, मग एकेक ओळ आवाजाशी लावून बघा. आणि ज्या मुलाखतीला फक्त कुटुंबापुरती परवानगी आहे ती फुकटच्या ऑनलाइन ॲपवर चढवूच नका.

बोलले तसंच लिहा. वाक्य अर्धवट सोडलं तर अर्धवटच. "हमने बोला चलो, फिर… सगळे बसले" असं असेल तर असंच, त्याचं शुद्ध मराठी करू नका. सिंधी शब्द देवनागरीत लिहिताना ॻ, ॼ, ॾ, ॿ ही जादा अक्षरं आहेत, सिंधी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. थांबले तिथे [थांबतात] लिहा, नीट ऐकू आलं नाही तिथे [अस्पष्ट] आणि वेळ. अंदाजाने भरू नका.

नेहमी होणारी चूक म्हणजे नुसतं "हैदराबाद" लिहिणं. मराठी वाचणारा निजामाचं हैदराबाद समजतो, आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई आणि डिसेंबर १९४७ ची सिंधमधली दंगल एकमेकांत मिसळतात. प्रत्येक वेळी कंसात (सिंध) किंवा (दख्खन) लिहा, तो तुमचा कंस आहे हे कळेल असं.

तारीख-गाव चुकलं असेल तर मजकूर तसाच ठेवून खाली टीप द्या. समजा कुणी कराचीची दंगल दिवाळीच्या आधी झाली असं सांगितलं, तर ती तारीख चुकीची आहे, पण त्यांच्या मनात ती दिवाळी सुखाची राहिली नव्हती हेही त्यातून कळतं, आणि मजकूर दुरुस्त केलात की ते पुसलं जातं.

११. परत घेऊन जा

उतरवलेलं छापून, मोठ्या अक्षरात, त्यांच्याकडे घेऊन जा. वाचून दाखवा. आवाजाची प्रत पेनड्राइव्हमध्ये घरच्यांना द्या. ही दुसरी-तिसरी भेट टाळू नका, वाचून दाखवताना "अरे, हे तर सांगायचं राहिलंच" असं म्हणून जे येतं ते पहिल्या दिवशी कधीच आलं नसतं, म्हणून रेकॉर्डर बॅगेत चार्ज करून ठेवा. नावं, गावं, नाती त्यांच्याकडून तपासून घ्या. जे काढायला सांगतील ते त्यांच्यासमोर खोडा. परवानगीचे तीन प्रश्न पुन्हा विचारा, बोलून झाल्यावर लोकांचं मत बदलतं, कधी "नाव नको"चं "नाव द्या" होतं आणि कधी उलट.

मग कुठे ठेवायचं ते ठरवा. अमृतसरला टाउन हॉलमध्ये २०१७ पासून पार्टिशन म्युझियम आहे, १९४७ पार्टिशन आर्काइव्ह नावाचा संग्रह जगभरातून अशा मुलाखती जमवतो आणि मुलाखत घ्यायचं शिकवतोही. जवळच्या कॉलेजची लायब्ररी, गावातली सिंधी पंचायत, तिथेही एक प्रत असू दे. देताना आवाज, मजकूर, नोंदीचं पान आणि परवानगीचा कागद असं चारही एकत्र द्या. परवानगीचा कागद नसला तर कुठलाही नीट चाललेला संग्रह ती मुलाखत लोकांसमोर ठेवणार नाही, मग आवाज कितीही स्वच्छ असो.

एखादी बैठक झाल्यावर माणूस गेला आणि मजकूर दाखवायचा राहिला, असंही होतं. तेव्हा त्यांनी शेवटचं जे सांगितलं होतं तेच धरायचं, वारसांनी "आता सगळं टाका नेटवर" म्हटलं तरी. फक्त कुटुंबासाठी म्हणाले होते तर ती प्रत कुटुंबाला द्या, आणि तुमच्याकडच्या तक्त्यात त्या नंबरसमोर तसं लिहून ठेवा.